फलाची आसक्ती आणि फलाची चौकशी

आपल्याकडील कित्येक रुग्णालयांच्या दर्शनी भिंतीवर एक पाटी लावलेली आढळते. शब्द निरनिराळे असले तरी आशय एकच, आणि तो असा की आम्ही केवळ उपचार करणारे, बरे करणारा परमेश्वर आहे. शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराबाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांना त्या पाटीने धीर येतो, आणि आपल्या हातून घडणाऱ्या कर्माच्या मर्यादा ध्यानात ठेवण्यास शस्त्रवैद्यालाही ती उपकारक होत असेल. त्या पाटीतील विनयाविषयी मला शंका घ्यावयाची नाही. परंतु यश आले तर ती विनयाची खूण ठरते आणि अपयश आले तर जबाबदारीतून मुक्त करणारा दाखला ठरते, हेही नाकारता येत नाही. आणि ज्या समाजात कर्मफलत्यागाचे तत्त्व शाळकरी मुलांच्याही तोंडी असते, त्या समाजाने तरी तिचा अर्थ नीट तपासून घेणे अगत्याचे आहे. फल ईश्वरार्पण करणे आणि फल काय झाले हे पाहावयासच न जाणे, ह्या दोन गोष्टी एक आहेत काय? आणि एक नसतील, तर फलाची कसून चौकशी करणारा मनुष्य निष्काम राहू शकतो काय?

हा प्रश्न मी खांद्याच्या सांध्याच्या निमित्ताने मांडणार आहे, हे वाचून काहींना नवल वाटेल. हृदय, मेंदू ह्यांच्या विकारांत जीवनमरणाचा प्रश्न असतो, म्हणून तत्त्वचिंतकांची दृष्टी तिकडे आपोआप वळते; खांदा दुखला म्हणून कोणी मरत नाही. पण नेमक्या ह्याच कारणामुळे प्रस्तुत प्रश्नाला खांदा फार सोयीचा आहे. रोगी जगला की मेला ह्याचा निकाल कोणालाही दिसतो. खांदा बरा झाला की नाही ह्याचा निकाल मात्र कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे द्यावयाचा, हे ठरविल्यावाचून दिसतच नाही. शिवाय फलाच्या चौकशीसाठी ज्याने आपली प्रतिष्ठा आणि मिळकत दोन्ही पणाला लावली, तो मनुष्य योगायोगाने खांद्याचाच शस्त्रवैद्य होता.

ह्या सांध्याची घडण मुळातच विलक्षण आहे. मांडीच्या हाडाचे डोके कमरेच्या खोल वाटीत घट्ट बसलेले असते. दंडाच्या हाडाचे डोके मात्र उथळ बशीवर लिंबू ठेवावे तसे खांद्याच्या फऱ्यावर टेकलेले असते, आणि त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम बहुतांशी भोवतालच्या स्नायूंचे आणि त्यांच्या कंडरांचे असते. ह्या व्यवस्थेमुळे हात चहूकडे फिरतो, आणि ह्याच व्यवस्थेमुळे तो लवकर बिघडतो. 1893 साली पॅरिसमध्ये झ्यूल एमिल पेआँ ह्या शस्त्रवैद्याकडे क्षयाने खांदा पोखरला गेलेला एक सदतीस वर्षांचा पावरोटीवाला आला. हात कापून टाकण्यास तो कबूल होईना, तेव्हा एका दंतवैद्याकडून प्लॅटिनमची नळी आणि पॅराफिनमध्ये उकळून टणक केलेल्या रबराचे डोके असा सांधा करवून पेआँने तो त्याच्या खांद्यात बसविला. हात काही काळ चालला. पण मुळचा क्षय गेला नव्हता, आणि सुमारे दोन वर्षांनी तो सांधा काढून घ्यावा लागला. पुढे न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स नीअर ह्यांनी 1951 पासून धातूचे डोके बसविण्यास आरंभ केला, तो प्रथम मोडलेल्या हाडांसाठी, आणि 1974 पर्यंत झिजलेल्या सांध्यांपर्यंत त्याचा विस्तार झाला. 1985 साली फ्रान्समधील दिजाँ येथे पॉल ग्रामाँ ह्यांनी तर निसर्गाची मांडणीच उलटी केली. गोल त्यांनी फऱ्याला जोडला आणि वाटी दंडाच्या हाडावर बसविली, जेणेकरून ज्यांच्या कंडरा फाटून निकामी झाल्या आहेत त्यांचाही हात, खांद्यावरच्या डेल्टॉइड ह्या एका मोठ्या स्नायूच्या बळावर वर उचलला जावा. आज वृद्धांच्या खांद्यावर होणाऱ्या शस्त्रक्रियांत ह्या उलट्या सांध्याचे प्रस्थ मोठे आहे.

आता ज्याचा उल्लेख वर केला त्या गृहस्थाकडे वळतो. अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन हा अमेरिकेतील बॉस्टन शहराचा शस्त्रवैद्य. खांद्याच्या फाटलेल्या कंडरेवरील त्याचे लेखन 1911 सालचे, आणि खांद्यावरील त्याचा मोठा ग्रंथ 1934 सालचा. शस्त्रक्रियेनंतर कमरेतून वाकून, हात लोंबता सोडून लंबकासारखा झुलविण्याचा जो व्यायाम आज गावोगावच्या फिजिओथेरपीच्या खोल्यांतून शिकविला जातो, त्याच्याशी त्याचेच नाव जोडलेले आहे. परंतु त्याची खरी कामगिरी, आणि खरी आपत्तीही, निराळ्याच एका साध्या कल्पनेत होती. रुग्णालयात आलेल्या प्रत्येक रोग्यासाठी एक पत्रक असावे. त्यावर त्याची तक्रार, केलेले निदान, केलेला उपचार आणि उद्भवलेले उपद्रव लिहावेत. आणि एक वर्षानंतर त्या रोग्याला गाठून तो बरा झाला की नाही, आणि झाला नसेल तर का नाही, हे त्याच पत्रकावर नोंदवावे, एवढीच ती कल्पना. कोणत्याही दुकानदाराला ती नवी वाटली नसती. ज्या रुग्णालयात कॉडमन काम करीत होता तेथे मात्र बढती ज्येष्ठतेने मिळे, रोगी बरे होण्याशी तिचा संबंध नसे, आणि ह्या वहिवाटीचा निषेध म्हणून 1914 साली त्याने राजीनामा दिला.

तो स्थानिक वैद्यकसभेच्या शस्त्रक्रिया विभागाचा अध्यक्ष असताना, 1915 च्या जानेवारीत भरलेल्या सभेत त्याने एका मोठ्या व्यंगचित्रावरचा पडदा दूर केला. त्यात शहरातील श्रीमंत वस्ती ही वाळूत मान खुपसून बसलेल्या शहामृगाच्या रूपाने दाखविली होती, तो शहामृग सोन्याची अंडी डॉक्टरांकडे ढकलीत होता, आणि पाहणारे विश्वस्त व प्राध्यापक ह्या चिंतेत होते की खरी फलनिष्पत्ती लोकांना कळली तर ही अंडी मिळावयाची बंद होतील की काय. सभेत गदारोळ झाला. अध्यक्षपद गेले, हार्वर्ड येथील अध्यापकी गेली, मिळकत रोडावली. तोवर त्याने स्वतःचे लहानसे रुग्णालय काढले होतेच. 1911 ते 1916 ह्या काळात तेथून घरी गेलेल्या 337 रोग्यांच्या बाबतीत त्याने 123 चुका स्वतःच्या हाताने नोंदविल्या आणि त्या छापून प्रसिद्ध केल्या. आपले जमाखर्चाचे दप्तर असे भर रस्त्यावर उघडे करणारा शस्त्रवैद्य त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. पुढे अमेरिकेतील शस्त्रवैद्यांच्या संघाने शंभर अथवा अधिक खाटांच्या 692 रुग्णालयांची तपासणी केली तेव्हा किमान कसोटीस अवघी 89 उतरली. आणि ती यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून 1919 साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जाळून टाकण्यात आली. यादी करणारे आणि जाळणारे लोक एकच होते, आणि ते काही दुष्ट नव्हते. फलाचे भय भल्याभल्यांनाही असते, एवढेच त्यावरून दिसते.

कॉडमनच्या नोंदवहीतील अपयशांचे वर्गीकरण मला ह्या सर्वांहून अधिक मननीय वाटते. ज्ञान वा कौशल्य अपुरे पडले, निर्णय चुकला, काळजी अथवा साधने कमी पडली, निदान हुकले, हे पहिले चार वर्ग त्याने शस्त्रवैद्याच्या खात्यावर घातले. नंतर रोगच असाध्य होता अथवा रोग्याने उपचार नाकारला अशा कारणांसाठी जागा ठेवली. आणि सर्वांच्या शेवटी, ज्यांच्यावर कोणाचाच ताबा नाही अशा आपत्तींना निराळे स्थान दिले. अठराव्या अध्यायात गीताकारांनी कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत; अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. गीतेचा हा श्लोक बॉस्टनच्या त्या डॉक्टराने वाचला असेल असे मानण्यास आधार नाही, आणि तसा ओढूनताणून संबंध जोडण्याची हौसही मला नाही. तथापि दोन्ही ठिकाणी दैवाला नाकारलेले नाही आणि दोन्ही ठिकाणी ते शेवटी आले आहे, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. खांद्याच्या उदाहरणाने बोलावयाचे तर रोग्याचे हाड व स्नायू हे अधिष्ठान, शस्त्रवैद्य हा कर्ता, धातूचा सांधा आणि हत्यारे ही करणे, प्रत्यक्ष शस्त्रकर्म व नंतरचा व्यायाम ही चेष्टा. ह्या चारांचा हिशेब पुरता झाल्यावर जे उरेल ते दैवाच्या नावे लिहावयाचे. मीच एकटा कर्ता असे मानणाऱ्याला गीता अविचारी ठरविते, हे सर्वांना ठाऊक असते. पण दैव हेच एकमेव कारण असे मानणाराही पाचांपैकी चार कारणे पुसून टाकीत असतो, आणि त्याचा हा अविचार आपण श्रद्धा म्हणून गौरवितो.

ज्या 1915 साली बॉस्टनमध्ये तो गदारोळ झाला, त्याच साली लोकमान्य टिळकांचा, मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला गीतारहस्य हा ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. कर्म सोडू नये, कर्माच्या फलाची आशा सोडावी, हा त्या ग्रंथातील सिद्धांत महाराष्ट्राच्या अंगवळणी पडला. परंतु फलाची आशा सोडणे म्हणजे परिणामाचा विचार सोडणे नव्हे, ही त्यातली दुसरी बाजू तितकीशी अंगवळणी पडली नाही. वस्तुतः गीतेनेच ह्याचा स्पष्ट फैसला करून ठेविला आहे. परिणाम काय होईल, हानी किती होईल, हिंसा किती होईल आणि आपले सामर्थ्य कितपत आहे, ह्यांचा विचार न करता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय, असे त्याच अठराव्या अध्यायात म्हटले आहे. शस्त्रक्रियेला लागू करून पाहावे. रोग्याच्या देहावर सुरी चालविणारा शस्त्रवैद्य कितीही निर्लोभ असला, फीचा एक पैसाही न घेता काम करीत असला, तरी आपण करीत असलेल्या क्रियेने वर्षभरानंतर काय होते ह्याची त्याने कधीच खातरजमा केली नसेल, तर त्याचे कर्म सात्त्विकांच्या यादीत रुजू होत नाही. असे म्हणणे कठोर वाटेल, पण शब्द गीतेचे आहेत.

येथे एक आक्षेप साहजिकच येतो. अनुभवी शस्त्रवैद्य म्हणेल, ‘माझे रोगी मला येऊन सांगतात की हात उठू लागला, रात्री झोप लागू लागली, आणखी कोणती चौकशी हवी?’ ह्या आक्षेपात दोन निराळी ज्ञाने एकत्र कालविली आहेत. मला बरे वाटते, हे रोग्याचे ज्ञान प्रत्यक्ष आहे. त्याबद्दल त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. शस्त्रक्रियेमुळे बरे वाटते, हे मात्र अनुमान आहे, आणि अनुमानात व्याप्ती सिद्ध करावी लागते. पुष्कळ खांदे काळाने आपोआप निवतात, पुष्कळ विश्रांतीने निवतात, आणि कित्येक तर कोणीतरी आपली मनापासून दखल घेतली एवढ्यानेही निवतात. चरकसंहितेत तर्कावाचून लाभलेल्या यशाला यदृच्छासिद्धी म्हटले आहे. अशी सिद्धी वैद्याच्या कीर्तीला पुरते, ज्ञानाला पुरत नाही.

ह्याचा उत्तम दाखला नीअर ह्यांच्याच चरित्रात आहे. सांधा बदलण्याची क्रिया रूढ करणाऱ्या ह्याच कर्तबगार पुरुषाने 1972 साली दुसरी एक क्रिया सुचविली. खांद्याच्या टोकाशी असलेल्या हाडाच्या आतील बाजूस कंडरा घासली जाते म्हणून दुखते, तेव्हा ते हाड थोडे तासून जागा मोकळी करावी. कल्पना सुबोध होती, चित्र काढून रोग्याला समजावता येत होती, आणि रोगी बरे होऊन जातही होते. ती जगभर पसरली. पुढे ब्रिटनमध्ये बत्तीस रुग्णालयांतील 313 रोग्यांची, कोणाच्या वाट्याला काय यावे हे केवळ सोडतीवर सोपवून, तीन गटांत वाटणी करण्यात आली. पहिल्या गटाचे हाड दुर्बिणीतून तासले, दुसऱ्या गटाच्या खांद्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले व काहीही न तासता ती काढून घेतली, तिसऱ्या गटाला तपासणीपलीकडे काहीच केले नाही. 2018 साली निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर, 48 पैकी गुण देणाऱ्या मापनानुसार, तासलेल्या गटाची सरासरी 32.7 आणि नुसती दुर्बीण घातलेल्या गटाची 34.2 आली, काहीच न केलेल्या गटाची 29.4 होती, आणि हा फरकही रोग्याला ठळकपणे जाणवावा इतका नव्हता. म्हणजे रोगी खोटे बोलत नव्हते, शस्त्रवैद्यही खोटे बोलत नव्हते; बरे वाटणे खरे होते, पण त्याचे श्रेय ज्या तासणीला दिले जात होते तिचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. एकाच माणसाच्या बुद्धीतून निघालेल्या दोन क्रिया. दोहोंवर त्याचा विश्वास सारखाच असणार, दोहोंचे रोगी त्याला सारखेच दुवा देत असणार. केवळ कर्त्याच्या निष्ठेवरून कोणती टिकणारी आणि कोणती डळमळणारी, हे कळण्यास मार्ग नव्हता.

हे वाचून धर्मभीरू वाचकाच्या मनात जी कालवाकालव होईल, तीच प्रथम माझ्याही मनात झाली. काहीही दुरुस्त न करता माणसाला भूल देऊन त्याच्या खांद्यात दुर्बीण घालावयाची, ही हिंसा नव्हे काय? आणि तुझ्यावर कोणती क्रिया झाली हे त्याला न सांगणे, हे असत्य नव्हे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आपल्याला कोणता उपचार मिळाला हे काही काळ सांगितले जाणार नाही, ही गोष्ट त्या रोग्यांना आधीच सांगून त्यांची संमती घेतलेली असते. ठाऊक असूनही पत्करलेले अज्ञान म्हणजे फसवणूक नव्हे. पहिला प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. देहावर विनाकारण घाव घालणे ही हिंसा आहेच, आणि ती लहान आहे म्हणून नाहीशी होत नाही. पण तिच्यासमोर पारड्यात काय आहे हे पाहिले पाहिजे. अशी परीक्षा झाली नसती तर ज्या तासणीने अधिक काहीच साधत नाही ती लक्षावधी खांद्यांवर चालूच राहिली असती, आणि तीही विनाकारण घातलेली सुरीच होती; तिला हिंसा म्हणण्याचे मात्र कोणाला सुचले नसते, कारण ती चांगल्या हेतूने होत होती. हेतूची शुद्धता हा कर्माच्या परीक्षेचा एक भाग आहे, सर्व परीक्षा नव्हे. परीक्षेतील थोड्यांनी जाणूनबुजून पत्करलेला लहान क्लेश आणि परीक्षेवाचून पुष्कळांनी न कळत सोसलेला मोठा क्लेश, ह्यांत मला पहिला अधिक धर्म्य वाटतो. अट एकच, की त्या थोड्यांना पूर्ण कल्पना देऊन आणि नकाराची पूर्ण मोकळीक ठेवून मगच ते घडावे.

शस्त्रवैद्याच्या बाजूने पाहिले तर सोडतीवर स्वाधीन होणे ही त्याहूनही मोठी तपश्चर्या आहे. वीस वर्षे हाताळलेल्या विकारात, ‘ह्या रोग्याला कोणता उपचार अधिक हितकर, हे मला ठाऊक नाही’, असे चारचौघांत म्हणण्यासाठी अहंकाराची जी गाठ सोडावी लागते, ती एखाद्या शिबिरात जाऊन सुटणारी नसते. सात्त्विक कर्त्याची जी लक्षणे गीतेत आहेत, त्यांत आसक्ती सुटलेली असणे, ‘मी मी’ न म्हणणे आणि सिद्धी-असिद्धीच्या ठायी निर्विकार असणे ही येतात. वरवर पाहता संशोधकाची लक्षणे निराळीच असावयास हवीत, कारण तो तर फलाचे कण न् कण मोजीत बसलेला असतो. परंतु आपल्या पद्धतीचाच जय व्हावा अशी ज्याची आस आहे, त्याच्या हातून मोजमाप सरळ होणे कठीण. जो निकाल येईल तो मान्य, असे ज्याने आरंभीच मनाशी ठरविले, त्यालाच फल जसे आहे तसे दिसते. तेव्हा फलाची आसक्ती सुटणे ही फलाच्या चौकशीला आडकाठी नाही. तिच्यावाचून चौकशीचा पायाच भरत नाही.

मोजावयाचे ते कोणाच्या साक्षीने, हा प्रश्न उरतो. सुखदुःख हे आत्म्याचे गुण असून ज्याचे त्यालाच मनाच्या द्वारा ते प्रत्यक्ष होतात, इतरांनी ते केवळ अनुमानाने जाणावयाचे, असे नैयायिकांचे मत आहे. शस्त्रवैद्यकाला हे मान्य होण्यास विसावे शतक संपत यावे लागले. 1987 सालच्या कॉन्स्टंट मापनात शंभरांपैकी पस्तीस गुण रोग्याच्या सांगण्याला होते, बाकी पासष्ट परीक्षकाने हात किती उचलला जातो आणि किती जोर लागतो हे पाहून द्यावयाचे. 1996 साली ऑक्सफर्ड येथे तयार झालेल्या मापनात मात्र बाराही प्रश्न रोग्यानेच सोडवावयाचे आहेत. कपडे घालताना त्रास होतो काय, केस विंचरता येतात काय, रात्री दुखते काय, काटा-सुरीने जेवता येते काय. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडच्या मावशींना विचारला तर त्या हसतील, आणि ते हसू क्षुल्लक नाही. उलट्या सांध्यानंतर हात वर उचलला जातो, पण पुष्कळांना तो पाठीमागे नेणे अवघड जाते. आणि जेथे नऊवारीचा कासोटा मागे खोचावयाचा असतो, शौचानंतर पाण्याने स्वच्छता करावयाची असते, अथवा श्राद्धाच्या वेळी जानवे उजव्या खांद्यावर घ्यावयाचे असते, तेथे बरे होणे म्हणजे काय ह्याची प्रश्नावली त्या देहाच्या आचारातूनच घडवावी लागेल. रोग्याला साक्षीस बोलावल्याचे नाव करावयाचे आणि त्याला परक्या घरचे प्रश्न विचारावयाचे, हा न्याय नव्हे.

ह्या साक्षीत काळाचाही मोठा वाटा आहे. शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो. मग दुसऱ्याच्या साहाय्याने हालचाल, मग स्वतःच्या बळाने, मग हळूहळू जोर. आणि सुधारणा कित्येक महिने, बहुधा वर्षभर चालूच राहते. ह्या सबंध काळात चेष्टा ही रोग्याची असते. ऑपरेशन डॉक्टरने केले आणि बरे देवाने केले, ह्या वाटणीत ज्या माणसाने सकाळ-संध्याकाळ दात-ओठ खाऊन व्यायाम केला त्याला जागाच उरत नाही, ही मला त्या पाटीतील सर्वांत मोठी उणीव वाटते.

फलाची मोजणी सुरू झाली की फलाची आसक्ती दुसऱ्या दाराने आत येते, हेही सांगितलेच पाहिजे. ज्या देशांत नोंदवह्या आहेत, आणि इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत 2012 पासून खांद्याचीही नोंद होते, तेथे शस्त्रवैद्याच्या नावापुढे आकडे उभे राहतात. आणि आकडे चांगले दिसावेत म्हणून अवघड रोगी दुसरीकडे पाठविण्याचा मोह कोणाला होणारच नाही, अशी ग्वाही कोण देईल? नीअर ह्यांनी ह्यावर एक प्रामाणिक तोड काढली होती. ज्यांचे स्नायू गेलेले आहेत अशा रोग्यांसाठी त्यांनी मर्यादित उद्दिष्टांचा निराळा वर्ग केला. त्यांच्याकडून पूर्ण हालचालीची अपेक्षा न धरता वेदना कमी होणे आणि जेमतेम कामापुरता हात चालणे एवढेच फल आरंभीच ठरवून ठेवावयाचे. ह्याला कोणी पळवाट म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण कर्माच्या आधी जाहीर केलेली मर्यादा आणि कर्मानंतर शोधलेली सबब ह्यांत प्रामाणिकपणाचा सगळा फरक आहे. आणि चौकशी अजून कितीतरी अपुरी आहे: झिजलेल्या वा कंडरा गेलेल्या खांद्याचा सांधा बदलण्याची तुलना शस्त्रक्रियेवाचूनच्या उपचाराशी करणारी सोडतीची परीक्षा वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 सालच्या आढाव्यात एकही आढळली नाही. ती क्रिया निरुपयोगी आहे असा ह्याचा अर्थ नाही. वेदनेने वर्षानुवर्षे न झोपलेली माणसे तिच्यानंतर झोपू लागतात, ही साक्ष अव्हेरण्यासारखी नाही. पण तासणीच्या बाबतीत जी साक्ष अपुरी ठरली, ती येथे आपोआप पुरी कशी मानावी?

कॉडमन 1940 साली वारला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता; तो बसविला गेला 2014 साली, शस्त्रवैद्यांच्या संघटनांकडून. तो स्वभावाने तिखट होता, व्यंगचित्राची ती खोड टाळली असती तर कदाचित अधिक कार्य झाले असते, आणि निष्काम कर्मयोगी म्हणून त्याची पूजा बांधण्याचे कारण नाही. तरीही रुग्णालयाच्या भिंतीवरच्या त्या पाटीखाली एक ओळ वाढवावी असे मला वाटते, की वर्षभरानंतर आम्ही तुमची विचारपूस करू आणि जे ऐकू ते लिहून ठेवू. रुग्णालये ती कधी वाढवतील हे त्यांच्या हाती आहे. वाचकांच्या हातीही थोडे आहे. खांद्याची वा दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया करून घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, की ज्यांच्यावर तुम्ही ही क्रिया केली त्यांना वर्षाने पुन्हा पाहिले काय. आणि अशी विचारणा पुढे आपल्याकडे आली तर, डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून भिडेने ‘सर्व ठीक’ असे न लिहिता, हात जेथवर उचलला जातो तेथवरच लिहावा.